लहान मूल नसावे

"श्वास सोडा वन्सं, आणि आता आत घेऊ नका," असं म्हणून वहिनीनं पट्टीची गाठ अशी आवळली की माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले.

"अहो वहिनी, मरेन ना मी!"

"मरत नाही कुणी एवढ्यानं," ती म्हणाली आणि तिनं जीभ चावली. त्या घरात तेव्हा मरणाचा शब्द कुणी काढत नव्हतं. माझं पाच आठवड्यांचं लेकरू नुकतंच गेलं होतं. दोन दिवस अंग तापलं, छाती वाजायला लागली आणि दवाखान्याच्या पायरीवर, माझ्या मांडीवरच गेलं. दादा आणि गल्लीतले दोघं त्याला ओढ्याकडं घेऊन गेले आणि थोड्या वेळानं हातपाय धुऊन परत आले. बायकांनी जायचं नसतं, म्हणून मला कुणी नेलं नाही.

वहिनी बांधत होती ती दादाच्या जुन्या धोतराची पट्टी. तिच्या आत मोगऱ्याची फुलं भरलेली. मोगरा बांधला की दूध आटतं, हा शेजारच्या गोदाक्कांचा उपाय. रोज ताजी फुलं, रोज नवी पट्टी, आणि रोज संध्याकाळी ती पट्टी पिळून वाळत टाकायची. लेकरू गेल्याचं सगळ्या गल्लीला कळलं होतं, माझ्या अंगाला तेवढं कळत नव्हतं.

"आता सांगा. मूलबाळ विचारतील. काय म्हणाल?"

"नाही."

"असं मरगळून नको. ठणकावून."

"नाही! झालं?"

"झालं," वहिनी म्हणाली आणि तिनं तिची ठेवणीतली आकाशी साडी माझ्यापुढं टाकली.

मुलाखत कराडला होती, एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात. जाहिरात दादानं वाचून दाखवली तेव्हा लेकरू माझ्या मांडीवर पीत होतं. निवासी अधीक्षिका पाहिजे. बारावी पास चालेल. राहण्यास खोली, दोन वेळचं जेवण. मूळ कागदपत्रांसह समक्ष भेटावे. आणि शेवटी, लहान मूल नसावे. "जाऊ दे, आपल्या कामाची नाही," म्हणून दादानं पेपर घडी घालून कोनाड्यात ठेवला. पुढं आक्रीत घडलं, आणि वहिनीनं तो पेपर कोनाड्यातून काढून झटकला.

"दात आले नव्हते. दात न आलेल्याचं सुतक धरत नाहीत," ती दादाला म्हणाली. "वन्सं जाऊ शकतात."

तिचं काही वाईट होतं असं मी म्हणणार नाही. दोन खोल्या, तिची चार पोरं, दादाची यंत्रमागावरची नोकरी, आणि वर मी. माझा नवरा गलाईच्या धंद्यात. आमच्या विट्याकडचे लोक सोनं-चांदी गाळायला देशभर जातात, तसा तो कानपूरला गेला आणि तिथंच दुसरीबरोबर बिऱ्हाड थाटून बसला. सासऱ्यांचा निरोप होता, नातवाला घेऊन या, मग बघू. आता नातूच नव्हता, तेव्हा बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. दादा तोंडानं काही बोलत नव्हता, पण त्याची पोरं रात्री अंगणात झोपायची आणि पावसाळा तोंडावर आला होता. मला डोक्यावर छप्पर पाहिजे होतं आणि ते जगात एकाच ठिकाणी मिळण्यासारखं होतं. ती नोकरी मला मिळायलाच पाहिजे होती.

मे महिन्याचं ऊन. एसटीत माझा जीव नुसता कासावीस झाला. कराडच्या स्टँडवर उतरले तेव्हा कानात घूं घूं आवाज येत होता आणि भिंती फिरत होत्या. मुतारीत जाऊन मी पट्टीची गाठ थोडी सैल केली. थोडीच. तिथंच गळपटून पडले असते तर मुलाखत राहिली बाजूलाच.

वसतिगृहाची इमारत नवी होती. माझ्याआधी दोघी जाऊन आल्या होत्या. मला थांबायला सांगून तिथली स्वयंपाकीणबाई मालन म्हणाली, "चला, तोवर खोली बघून घ्या. अधीक्षिकेची."

एक लोखंडी खाट, भिंतीतलं कपाट, खिडकी. कोपऱ्यात मोरी आणि मोरीत नळ. मी नळ सोडून बघितला. पाणी आलं. आमच्याकडं चार घरांत एक नळ होता. मी आतून दाराची कडी लावून बघितली आणि परत काढली. मालन हसली.

"कडी चांगली आहे," मी म्हणाले. मनातल्या मनात मी त्या कपाटात माझ्या दोन साड्या लावूनसुद्धा टाकल्या होत्या.

आत टेबलापलीकडं तिघं होते. संस्थेचे सचिव, त्यांना सगळे आप्पा म्हणत होते. पोट सुटलेलं, बोलणं हसतमुख. त्यांच्या बाजूला प्राचार्य, त्यांचं सगळं लक्ष पंख्याकडं. आणि टोकाला पांढऱ्या केसांच्या इनामदार बाई. वसतिगृहाचा कारभार त्या बघायच्या. नाकावर चष्मा, आणि चष्म्याच्या वरून बघायची सवय.

"रत्नमाला शिरतोडे," आप्पा म्हणाले. "बसा. समजा, मध्यरात्री एखाद्या मुलीच्या पोटात दुखायला लागलं. काय कराल?"

"आधी बघीन दुखतंय का परीक्षा आहे."

आप्पा खो खो हसले. "आणि खरंच दुखत असेल तर?"

"तर रिक्षा. चौकशी मागनं. आधी डॉक्टर, मग तुम्हाला फोन, मग तिच्या आईला."

"भिंतीवरून उड्या मारून पोरी सिनेमाला गेल्या तर?"

"परत येतील तेव्हा दारात बसलेली असेन. जेवायला वाढीन. माणूस पोटभर जेवलं की खोटं बोलत नाही. मग विचारीन."

इनामदार बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि त्यांच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. मला बरं वाटलं. किती दिवसांनी मी माझ्यासारखी बोलत होते. लग्नाआधी मी अशीच होते, तोंडाळ. आई म्हणायची, हिची जीभ हिला एक दिवस राणी तरी करेल नाहीतर रस्त्यावर तरी आणेल.

"मिस्टर?"

"कानपूरला असतात. यायचं-जायचं नाही."

"मूलबाळ?"

"नाही," मी म्हणाले. ठणकावून.

वहिनीनं पढवलेलं, आणि खोटं तर नव्हतंच. आप्पांनी समोरच्या कागदावर खूण केली. प्राचार्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "एक जूनपासून येता येईल?"

"उद्यापासून येईन."

"अहो, उद्या सुट्टी आहे," आप्पा हसत म्हणाले. मग नाक वर करून हुंगत म्हणाले, "मोगरा कुठला हो एवढा? गजरा तर दिसत नाही."

"गजरा होता. एसटीत पडला."

"छान आहे वास. बरं, ते दाखले दाखवा, म्हणजे झालंच."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. मालनचं तान्हं होतं तिथं, झोळीत निजवलेलं. दिवसपाळीची बाई, ती आपलं लेकरू बरोबर आणायची. ते उठलं आणि रडायला लागलं. पहिल्यांदा कुरकुर, मग टाहो. भुकेचं रडणं कसं असतं ते मला नको सांगायला. आईला झोपेतसुद्धा कळतं.

आणि मला पान्हा फुटला.

मी दात आवळले. मी मनातल्या मनात म्हणाले, अगं ते तुझं नाही गं, तुझं नाही. छातीत कळ आली आणि सैल केलेल्या पट्टीतून, कुस्करलेल्या फुलांतून दूध वाहायला लागलं. मी मान खाली घातली तर आकाशी ब्लाऊजवर दोन काळपट गोल. बघता बघता मोठे होत चाललेले. मी पदर ओढून घेतला, तर पदरही भिजायला लागला. मग मी दाखल्यांची फाईल दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"दाखले," आप्पांनी हात पुढं केला.

"हो," मी म्हणाले आणि फाईल आणखी घट्ट धरली.

"अहो, द्या की."

"देते ना. एक मिनिट."

"मॅडम, आम्ही काय खाणार आहोत का तुमचे दाखले?" आप्पांना अजून गंमत वाटत होती. प्राचार्य मात्र आता माझ्याकडं बघायला लागले होते. पलीकडं लेकरू रडायचं थांबेना. पोटावरून एक धार खाली चाललेली मला कळत होती. आंबट-गोड वास मोगऱ्यात मिसळून वर येत होता. वाटलं, ह्या खुर्चीसकट जमिनीत जावं. पळून जावं म्हटलं तर उठावं लागणार, आणि उठलं की सगळंच दिसणार. आणि पळून जायचं तरी कुठं? ही खोली सोडून मला जागा कुठं होती?

शेवटी फाईल द्यावी लागली. पुठ्ठा ओला झाला होता. आप्पांनी तो बघितला, माझ्याकडं बघितलं आणि बिचारे भाबडेपणानं म्हणाले, "पाणी सांडलं का हो?"

"आप्पा," इनामदार बाई म्हणाल्या, "तुम्ही आणि सर जरा चहा घेऊन या."

"इथंच मागवू की."

"बाहेर घ्या."

दोघंही गेले. बाईंनी उठून दार लावून घेतलं, माझ्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसल्या. त्या सरळ अगं-तुगंवर आल्या.

"किती महिन्यांचं आहे?"

मी ओला पदर आणखी पुढं ओढला.

"रत्नमाला, मी तीन पोरं वाढवलीयत. मला नको शिकवूस. किती महिन्यांचं?"

"पाच आठवड्यांचं."

"आणि मघाशी आप्पांनी विचारलं तेव्हा काय म्हणालीस?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"मूलबाळ नाही म्हणालीस. माझ्या कानांनी ऐकलं. अगं, नोकरीपायी पोटच्या पोराला नाही म्हणालीस? जीभ कशी रेटली तुझी? ते तिकडं घरी आईची वाट बघत असेल आणि आई इकडं खुर्चीत बसून सांगतेय, मला मूल नाही!"

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, बाई, ते गेलं. बस. ते म्हटलं की मी खोटारडीही ठरत नव्हते आणि अटही मोडत नव्हते. बाईंनीच मला पोटाशी धरलं असतं, स्वतः माझी पिशवी उचलून त्या खोलीत ठेवली असती. तो नळ माझा, ती कडी माझी. शब्द ओठांवर आले होते. मी बाईंकडं बघितलं. त्या खरंच चिडल्या होत्या. माझ्यावर चिडल्या होत्या, माझ्या लेकराच्या बाजूनं. तो गेल्यापासून त्याच्या बाजूनं कुणी चिडलं नव्हतं. सुतकसुद्धा धरलं नव्हतं कुणी.

त्याला दुसऱ्यांदा नाही म्हणणं मला जमेना.

"चुकलं माझं, बाई," मी म्हणाले. "आहे. मुलगा आहे."

त्यांनी एक लांब श्वास सोडला. राग उतरला असावा. "नाव काय ठेवलंय?"

बारसं झालंच नव्हतं. बाप कानपूरहून येतो म्हणाला होता, तो आला की करू म्हणून लांबवलेलं. सगळे त्याला नुसते बाळ म्हणायचे. मी मनाशी काही नावं घोळवली होती, पण बारशाआधी उच्चारायचं नसतं म्हणून तोंडातून काढलं नव्हतं.

"रणजित," मी म्हणाले.

"छान आहे. कुणावर गेलाय?"

"माझ्यावर. नाक तेवढं माझ्या दादाचं. फेंदारलेलं."

"हसतो का?"

"हसतो की. झोपेत तर फार. आणि पिताना एक हात असा वर धरतो, ब्लाऊजचं हुक चाचपत बसतो. सोडतच नाही."

"जावळ?"

"दाट. मानेपर्यंत. आणि रडतो कसला, बाई, गल्ली डोक्यावर घेतो. माझ्याशिवाय कुणाकडं राहत नाही."

मी बोलतच सुटले. एवढं मी त्याच्याबद्दल आधी कुणाशी बोलले नव्हते आणि नंतर तर नाहीच. बाई ऐकत होत्या, मधेच हसत होत्या. बोलता बोलता मीसुद्धा हसले. तिकडं मालननं लेकराला घेतलं असावं, रडणं थांबलं होतं. माझं दूध वाहतच होतं आणि मला त्याची लाज वाटायची थांबली होती.

मग बाई उठल्या आणि पर्समधून एक धुतलेला नॅपकिन काढून त्यांनी माझ्या हातात दिला. "हा लाव आत. हे बघ, तू मला पसंत होतीस. त्या दोघींत काही राम नव्हता. पण अट मी मोडू शकत नाही. मागं एकदा मोडली, त्या लेकराला पोरींमधे गोवर झाला आणि... जाऊ दे. इथं लहान मूल नको म्हणजे नको."

"हो, बाई."

"आणि तुलाही नको. पाच आठवड्यांचं पोर टाकून कसली नोकरी करतेस? पोर मोठं होऊ दे. वर्षा-दोन वर्षांनी ये माझ्याकडं."

"येईन," मी म्हणाले.

आप्पा चहा पिऊन परत आले. "आप्पा, ह्यांना लहान मूल आहे," बाईंनी सांगितलं. प्राचार्य लगेच म्हणाले, "म्हणजे मघाशी ह्या खोटं..." बाईंनी त्यांना तोडलं. "गैरसमज झाला. त्यांनी आता खरं काय ते सांगितलंय." आप्पा हळहळले. माझी फाईल त्यांनी रुमालानं पुसून परत दिली. "बाकी सगळं उत्तम होतं हो," ते म्हणाले.

बाई फाटकापर्यंत आल्या. "काय बघत बसलीस? पळ. सव्वाची गाडी मिळेल. पोर भुकेजलं असेल."

त्या गोष्टीला आता तीस वर्षं होत आली. नोकरी मिळाली नाही एवढंच मी घरी सांगितलं. दाखल्यात काही कमी पडलं म्हणाले. वहिनी कपाळाला हात लावून बसली आणि मग उठून पोळ्या लाटायला लागली. पुढं मी दादाकडंच राहिले, त्याच्या पोरांमध्ये, दाराशी पोतं टाकून. मागावरच्या सुताच्या कांड्या भरल्या, वहिनीचं बोलणं ऐकलं, तिची बाळंतपणं काढली. दुसरी जागा कधी मिळाली नाही. इनामदार बाईंकडं मी परत गेले नाही. गेले असते तर त्यांनी विचारलं असतं, केवढा झाला?

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. मी खरंच भराभर चालायला लागले. स्टँडवर गाडी लागलेलीच होती. पुढच्या बाकावर एक बाई बसली होती, मांडीवर आंब्यांची पाटी. तिनं माझ्या ब्लाऊजकडं बघितलं आणि काही न विचारता सरकून जागा दिली.

"घरी तान्हं वाटतं?"

"हो."

"सकाळपासून उपाशी?"

"हो ना. दुसऱ्या कुणाचं काही घेत नाही."

"अगं बया!" तिनं पुढं वाकून ड्रायव्हरला हाक मारली. "ओ मामा, जरा दामटा की! हिचं लेकरू उपाशी आहे घरात!" गाडीतले दोघं-तिघं वळून बघायला लागले. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, विमान नाही हे," पण वाटेत एका ठिकाणी चहाला थांबायचा तो थांबला नाही. मी खिडकीचा गज धरून बसले होते. प्रत्येक थांब्याला मला वाटायचं, चढणारा माणूस किती वेळ लावतोय. मला घाई झाली होती, हे मी खरं सांगते. विटा जवळ आलं तसं छाती परत भरून आली आणि मी गाडी थांबायच्या आत दारात जाऊन उभी राहिले.

उतरले. स्टँडच्या बाहेर रस्त्यावर आले. समोर रस्ता, टपऱ्या, ऊन. आणि तिथं माझे पाय थांबले. कुणाकडं जायचं होतं मला?

मागून ती आंबेवाली उतरली होती. पाटी कमरेवर घेऊन ती ओरडली, "अगं, थांबलीस काय? पळ की! रडून रडून हैराण झालं असेल पोर!"

मी मागं वळून तिला हात केला आणि ती दिसेनाशी होईपर्यंत पळत राहिले.